लेडरर आजींचं आडनाव आणि आपलं

आबा, मी तुमच्यावर रागावलेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय मिळणार म्हणा, पण राग काही विचारून येत नाही. बाळ आत्ता झोपलंय. खिडकीबाहेर गाड्यांवर इतका बर्फ साचलाय की कुठली कुणाची ते कळत नाही. तुमचा भाचा, आता माझा नवरा, सकाळच्या ट्रेननं शिकागोला ऑफिसला गेला. मी चहा केला, तो तसाच निवला, आणि हे लिहायला बसले. पेन धरून बोटं अवघडली लगेच. आठवीनंतर लिहायची वेळ आली कधी माझ्यावर? किराण्याची चिठ्ठी लिहिते तेवढीच.

परवा शनिवारी तुमच्या नातीचं बारसं झालं. बाराव्या दिवशी नाही जमलं. इथं सगळं शनिवारी असतं, त्यात थंडी, त्यात ज्यांना बोलवायचं त्यांच्या तारखा. तीन महिन्यांची झाली तेव्हा कुठं पाळण्यात पडली. आणि त्या बारशात जे झालं त्यानं मी तेव्हापासून आतल्या आत धुमसतेय. तुमच्या भाच्यावर, त्या काकूंवर, पण सगळ्यात जास्त तुमच्यावर. कारण हे सगळं सुरू तुम्ही केलंत.

बाळ पोटात असल्यापासून तो मला एकच सांगत आलाय. "हिला काही सांगायचं नाही. कधीच नाही. ती इथं जन्मणार, अमेरिकन असणार. तिकडचं ते सगळं इथं कशाला आणायचं?" मी म्हटलं, अहो, पण आजोबा कोण होते, काय करायचे, एवढं तरी? तर म्हणाला, "सांग ना, बिझनेस होता म्हणून." बिझनेस! आबा, तुम्ही गुडघ्याएवढ्या चुन्याच्या पाण्यात उभे असायचात, पायाची नखं पिवळी पडून गळायची, त्याला हा बिझनेस म्हणतो. आणि मी गप्प बसते. मी इथं त्याच्या व्हिसावर आहे, मला गाडी चालवता येत नाही, इंग्लिश येतं ते लहान मुलांच्या टीव्हीपुरतं. दाराची बेल वाजली तरी मी आधी पडद्याआडून बघते. बाळाला ताप आला आणि फोनवर मला नीट सांगता नाही आलं तर काय, हाच विचार दिवसभर. अशा बाईनं भांडायचं कशाच्या जोरावर?

खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात. लेडरर त्यांचं आडनाव. मी लेडरर आजी म्हणते, त्यांना ते 'आजी' फार आवडतं. बाळ झाल्यावर पहिल्या आठवड्यात ते रडायचं थांबेना, मीही सोबत रडत होते, तेव्हा त्याच वर आल्या. बाळाला खांद्यावर उपडं टाकलं, पाठीवर दोन थापट्या मारल्या, झालं, ढेकर. मला म्हणाल्या, "यू, टी. मी, बेबी." तेव्हापासून त्यांचं आमचं जमलं. सावकाश बोलतात, हातवारे करतात, नाही कळलं तर परत सांगतात, कंटाळत नाहीत.

एकदा मी बाळाला घेऊन त्यांच्याकडे खाली गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या वरती, लाकडाची एक जुनी पाटी आहे. त्यावर कोरलंय काय, तर दोन सुऱ्या एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या. वाकड्या, आणि दोन्ही टोकांना मुठी. आबा, मी बाळाला घट्ट धरलं आणि बघतच राहिले. ती तुमची सुरी होती. ओंडक्यावर ओलं कातडं पालथं टाकून तुम्ही दोन्ही हातांनी जी पुढं ढकलायचात, केस आणि चरबी खरवडायचात, तीच. ती मी इथं अमेरिकेत, ह्या नेपरव्हिल गावात, एका गोऱ्या बाईच्या भिंतीवर, देवासारखी टांगलेली बघितली.

मी विचारलं, हे काय? त्यांनी स्वतःच्या हाताची कातडी चिमटीत धरली, मग बुटाकडं बोट केलं. लेडर म्हणजे चामडं, त्यांच्या जर्मन भाषेत. लेडरर म्हणजे चामडं कमावणारा. मग बसल्या सांगत. पूर्वी म्हणे तिकडं आडनावंच नव्हती. एका गावात योहान नावाचे ढिगानं लोक. कुठला योहान, तर दळणवाला योहान, लोहारकामवाला योहान, कातड्याचा योहान. असं करत करत ते नाव मागं चिकटलं आणि मग पोरांना लागलं, नातवंडांना लागलं. पुढं कुणी पाव भाजायला लागलं, कुणी मास्तर झालं, कुणी जहाजात बसून इकडं आलं, तरी नाव लेडररच. आजींचे वडील शाळेत गणित शिकवायचे. कातडं त्यांनी बुटापलीकडं कधी बघितलंही नसेल.

मी विचारलं, घरं कुठं होती त्यांची? मला वाटलं बघूया तरी. त्या हसल्या, नाक दाबून दाखवलं. गावाच्या खालच्या अंगाला, नदीला. बाकीच्यांनी पाणी भरायचं वर, ह्यांनी कातडी धुवायची खाली. लोक त्या बाजूला फिरकायचे नाहीत, वास मारायचा म्हणून. ओक नावाच्या झाडाची साल कुटून त्या पाण्यात कातडं महिनोन् महिने भिजत ठेवायचे. माझ्याकडं तेवढं इंग्लिश नव्हतं. मला सांगायचं होतं, आमच्याकडं बाभळीची साल असते. तरवडाची असते, हिरडे असतात. कातड्याची पिशवी शिवून झाडाला टांगतात आणि सालीचं लाल पाणी वरून ओततात, ते थेंब थेंब खाली पाझरतं, आणि माझे आबा ते परत गोळा करून परत ओततात. आमचंही घर गावाच्या खालच्या अंगालाच आहे. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी एवढंच म्हणाले, "नाइस." घरी आले आणि भांडी आपटत राहिले.

कारण त्या हसत होत्या, आबा! नाक दाबून हसत होत्या. ज्या गोष्टीवरून तुम्ही माझ्या थोबाडीत मारली होती ती त्यांनी चहाबरोबर बिस्किट द्यावं तशी सांगितली.

आठवतं का? मी गिरणीत दळण घेऊन गेले होते. तुम्ही तेव्हा नुकतंच आपलं आडनाव बदललं होतं. भाच्याला इंजिनीयरिंगला घेतलं होतं ना, म्हणून. आपलं पण, आत्याच्या घरचं पण, दोन्ही घरांचं एकच नवं आडनाव, गावाच्या नावाला 'कर' लावून. गिरणीवाला परका, नवीन आलेला. त्यानं नुसतं विचारलं, "कुणाची गं तू?" आणि मी जुनं सांगितलं. मला काय ठाऊक, तोंडात तेच बसलेलं. त्यानं डबा हातात घेतला होता तो खाली ठेवला आणि म्हणाला, "तिकडं ठेव, शेवटी बघू." मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं तुम्ही त्याच्याशी भांडायला जाल. तुम्ही मलाच मारलंत. त्याच्या आधी कधी नाही, नंतर कधी नाही. "ते नाव परत तोंडातनं काढायचं न्हाई. मेलीस तरी न्हाई." आई चुलीपाशी भाकरी थापत होती, ती तशीच थापत राहिली. आणि तुम्ही बाहेर जाऊन राखेनं हात घासत बसलात. सालीचा लाल रंग कधी जायचा नाही तुमच्या हाताचा, तरी घासत होतात.

मला माहितीय तुम्ही का केलंत ते. भाच्याला हॉस्टेलला सोडायला गेलात तेव्हा त्याच्या खोलीतल्या पोरानं आडनाव विचारलं आणि संध्याकाळपर्यंत आपली गादी उचलून दुसरीकडं नेली. तुम्ही ते उभं राहून बघितलंत. मला कळतं. तरी माझा राग जात नाही. तुम्ही त्या पोराला काही नाही बोललात. गिरणीवाल्याला काही नाही बोललात. बोललात कुणाला, तर मला. माझी शाळा आठवीत सोडवलीत. "तुला शिकून काय करायचं हाय? भाचा शिकला की तुझाच संसार हुईल." आणि आपल्याच कमावलेल्या कातड्याचं दप्तर शिवून घेतलंत ते पण त्यालाच. मी ते दप्तर तेलानं पुसून द्यायचे. कड्या चकचकीत करून द्यायचे. लग्न लागलं तेव्हा तुम्हाला खोकल्यानं उभं राहवत नव्हतं, पण चेहऱ्यावर काय समाधान होतं. सगळं धुऊन निघालं असं वाटलं असेल तुम्हाला. नाव गेलं, वास गेला.

नाही गेला. तेच सांगायला बसलेय.

लेडरर आजींनी अजून एक सांगितलं होतं. मोठ्या लढाईच्या वेळी इथं जर्मन नावाच्या लोकांच्या काचा फोडायचे, म्हणून त्यांच्या एका चुलत आजोबांनी आडनाव बदललं, इंग्लिश करून टाकलं. सख्ख्या आजोबांनी नाही बदललं. "ही वॉज स्टबर्न," म्हणाल्या, आणि कपाळावर मूठ आपटून दाखवली, दगड डोक्याचा म्हणून. मी विचारलं, मग बदललेल्यांना तुम्ही नावं ठेवता? तर खांदे उडवले. "ही वॉज स्कॅर्ड. सो?" एवढंच. घाबरला होता, मग काय झालं? मला हे इतकं सोपं कधी कुणी सांगितलं नव्हतं. लढाई संपली, काचा फोडायचं थांबलं, नाव परत नुसतं नाव झालं. आपलं कधी होणार? आपली लढाई कुठं संपते, आबा? समुद्र ओलांडला की संपेल असं वाटलं होतं.

तर बारसं. घर भरलेलं. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, इथल्या ओळखीतले सगळे. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू, वीस-पंचवीस वर्षं इथंच असतात, मोठं घर आहे, पाळणा त्यांचाच आणला होता. स्वभावानं वाईट नाहीत. मी बाळंत झाले तेव्हा डिंकाचे लाडू करून पाठवले त्यांनीच. मी घुगऱ्या वाटत होते आणि त्यांनी सहज काढलं.

"तुमचं हे 'कर' म्हणजे गावाचं झालं. त्याच्या आधीचं काय?"

तुमच्या भाच्यानं डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "पाटील."

"अय्या! आमच्या ह्यांचं आजोळ पाटलांचंच. कुठले पाटील?"

"ते... खूप जुनं आहे काकू. नंतर कुणी लक्षच नाही दिलं."

"लक्ष द्यायला हवं रे! मुलांना विचारतात शाळेत. आमच्या लेकाला प्रोजेक्ट होता, फॅमिली ट्री. आम्ही पार बाराव्या पिढीपर्यंत काढून दिलं."

तेवढ्यात बेल वाजली. लेडरर आजी. एका हातात केक, दुसऱ्या हातात लहानसं खोकं. मीच बोलावलं होतं, त्याला न सांगता. खोक्यात बाळाचे बूट होते. मऊ, पिवळसर चामड्याचे, माझ्या अंगठ्याएवढे. सगळ्या बायका गोळा झाल्या. सो क्यूट, सो क्यूट. काकूंनी नाव विचारलं. लेडरर? व्हॉट डज इट मीन? आणि आजी लागल्या सांगायला, तसंच, हाताची कातडी धरून, नाक दाबून, गावाच्या खालच्या अंगाची नदी, ओकची साल. सगळ्या ऐकतायत. "वॉव. सो इंटरेस्टिंग. यू मस्ट बी सो प्राउड!" आजी म्हणाल्या, ऑफ कोर्स.

आणि काकू शेजारच्या बाईकडं वळून मराठीत म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडच्या त्या ह्यांच्यातलीच की गं!" आणि आपल्या जातीचं नाव घेतलं. हळू नाही, चांगलं मोठ्यानं, आजींना मराठी कळत नाही म्हणून. "आता हिच्या हातचा केक खायचा की नाही?"

सगळे हसले. थट्टाच होती, पुढच्या मिनिटाला काकूंनी केकचा मोठा तुकडा उचललाही. पण आबा, मी तुमच्या भाच्याकडं बघत होते. सगळ्यात मोठ्यानं तो हसला. टाळी दिली कुणाच्या तरी हातावर. तुमच्या अंगणात, त्या टांगलेल्या कातड्यांच्या खाली अभ्यास करून शिकलेला पोरगा. लाल पाण्याचा थेंब वहीवर पडला की तुम्ही सदऱ्यानं पुसून द्यायचात. तो टाळी देत होता. हे हसणं तुम्ही शिकवलंत त्याला. मला मारून गप्प केलंत, त्याला नवं नाव देऊन हसवलंत.

लेडरर आजी पण हसत होत्या, सगळे हसतायत म्हणून. ते मला सगळ्यात असह्य झालं.

मग पाळण्याची वेळ झाली. बाळाची आत्या तिकडं गावी, म्हणून नाव कानात सांगायचा मान काकूंचा ठरला होता. त्या पदर सावरून पुढं आल्या. आणि मी म्हणाले, "थांबा काकू. मी सांगते."

"अगं, आई नाही सांगत. आत्या सांगते."

"मी आत्याच लागते की तिची."

सगळे बघायला लागले. माझं तोंड सुटलं ते सुटलं. "मी ह्यांच्या मामाची मुलगी. म्हणजे ह्यांची मामेबहीण. भावाच्या मुलीची कोण लागते बहीण? ह्या घरात बाळाची आई पण मीच आणि आत्या पण मीच."

मग काकूच खळखळून हसल्या. "बरोबर आहे हो! आपणच बाळंत व्हायचं आणि आपणच आत्याबाई म्हणून साडी पण घ्यायची! ये, ये, सांग." तुमच्या भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला वाटलं असेल ही आता काय बोलते देवाला ठाऊक.

मी पाळण्यात वाकले. बाळानं माझं कानातलं मुठीत धरलं. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, रीतच आहे. मी तिच्या कानात कुर्र केलं, आधी ठरलेलं नाव सांगितलं, त्यानं कम्प्युटरवर शोधलेलं, इथल्यांना पण म्हणता येईल असं. आणि त्याच्यामागून दुसरं सांगितलं. आपलं आडनाव. जुनं. ज्यावरून तुम्ही मला मारलं होतं ते. मग म्हटलं, कुणी विचारलं कुणाची गं तू, तर तू ह्या नावाची. साली कुटणाऱ्या माणसाची. धपाट्यांच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

"किती लांबलचक नाव आहे गं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि परत हसू.

सगळे गेल्यावर तो पसारा आवरत होता. म्हणाला, "कानात काय बोलत होतीस एवढा वेळ?"

"नाव."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं, आबा. तो काही मूर्ख नाही. मला वाटलं आता ओरडेल. तो ओरडला नाही. सोफ्यावरचा तो लहानसा बूट उचलला, आत बोट घालून बघितलं. मग माझ्याकडं पाठ करून तो बूट नाकाशी नेला. मी आत निघून गेले.

त्याच्यावरचा माझा राग तेवढ्यानं थोडा निवला, खोटं कशाला बोलू. तुमच्यावरचा नाही. तुम्ही असतात तर तोंडावर बोलले असते असं वाटतं, पण तुमच्यासमोर मी कधी बोलले होते? ती उठली बघा, चुळबुळ चाललीय, आता रडेल. हा कागद पाठवायचा तरी कुठं, त्या अंगणात आता दुसऱ्याची गोठ्याची शेड आहे. घडी करून ठेवते कपाटात. आणि एक, आबा. सगळं लिहिलं, तुम्हाला जे जे बोलायचं ते बोलले, लेडरर आजींचं आडनाव इतक्या वेळा लिहिलं. आपलं जुनं एकदाही नाही लिहिलं. दोनदा पेन टेकवलं होतं. गालावर हात गेला.